दिवस तेविसावा

बॅटरीची उपमा देऊ नका.
दिवसाला सहा-सात बॅटऱ्या बदलतो मी,
फुगलेली कोणती ते बोटाला कळतं.
माझं तसं नव्हतं.
शटर अर्धं वर करून
आत अंधारात बसायचो,
हातात स्क्रू, आणि तो कशाचा ते आठवायचं नाही.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिली
आणि खाली, वेगळ्या रेघेवर: चालणे.
लेकीनं ॲप टाकून दिलं.
अख्ख्या उदगीरला ॲप टाकून दिलेत मी.
माझ्यासाठी हे पहिलंच.

पहाटे पावणेसहाला ते विचारतं, आज कसं वाटतंय?
पाच तोंडं दाखवतं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
मी मधलं दाबतो. रोज मधलंच.
मग बाई सांगते, पुण्याच्या मराठीत:
दोन मिनिटं सावकाश, एक मिनिट भरभर,
खांदे सैल सोडा.
आवळलेले होते हे तेव्हा कळलं.

दूध भुकटीच्या बंद कारखान्याच्या कडेनं चालताना
चहावाला मल्लप्पा ओरडला,
"मालक, कुणाच्या मागं लागलालाव?"
काय सांगू.
नवव्या दिवशी गेलोच नाही. दहाव्याही.
ॲप रागावलं नाही. म्हणालं, आज फक्त चप्पल घाला.
घातली. दारातच उभा राहिलो.
कुत्रं बघत होतं.

परवा टँकरवाल्या जब्बारभाईंचा फोन आला दुरुस्तीला.
जब्बारभाई, ज्यांच्या हॉर्नला गल्ली भिंतीला चिकटते.
काच फुटलेली.
पडला का फेकला, विचारलं नाही.
नवी बसवली, चालू केला,
आणि पडद्यावर वर आलं:
दिवस तेविसावा. आज पायऱ्या.

तोच हिरवा चौकोन.

मी फोन पालथा ठेवला.
पुसला. परत पालथा ठेवला.

संध्याकाळी आले. काचेचे तेवढे घेतले.
"मजुरी?"
"राहू द्या."
"का बरं?"
मी दुसऱ्याच फोनचं झाकण उघडायला घेतलं.

आज सकाळी किल्ल्याच्या पायऱ्यांवर
कुणीतरी चढत होतं, दम खात, आकडे मोजत.
मी खालीच फेऱ्या घातल्या.
चौथ्या फेरीला वरून खोकला आला.
मी हात वर केला. कुणाला, ते न बघता.
बाई म्हणाली, भरभर.

घरी आलो तर पुन्हा तेच, पाच तोंडं.
बोट मधल्याकडं गेलं,
जरा सरकलं,
तिसऱ्या-चौथ्याच्या फटीत टेकलं.
तिथं दाबलं तर काहीच नोंदत नाही.