फसलो तर

विजेच्या बिलाच्या पाठीवर चार रकाने आखले.
मंगळवार, बुधवार, गुरुवार,
आणि चौथ्यावर नुसतंच: फसलो तर.

नियम एकच, काही विकत आणायचं नाही.
सत्तावीसला व्हिसा रद्द, अठ्ठावीसला किल्ली द्यायची,
तोवर रूवीतलं हे कपाट पोटातून रिकामं करायचं.
एकोणीस वर्षांत या देशाचं पाहिलं काय,
तर ऑफिसचा रस्ता, विमानतळाचा रस्ता,
आणि शुक्रवारी मत्राचा समुद्र, बहुधा काचेतून.
आता जाता जाता राखीव रानं बघू, म्हणतो जयवंत.
बघू.
आधी डबे बघते.

भाजणी दीड वाटी.
मेतकूट बरणीच्या बुडाशी, चमचा खडखडतो.
जाडे पोहे, चाळून घेतले की चालतील.
ताहिनीची न उघडलेली बाटली, कुणी दिली आठवत नाही.
खजूर मात्र तीन किलो.
सालिमभाई दर हिवाळ्यात गावचे आणून देतात
आणि दर हिवाळ्यात मी म्हणते, अहो, मागचेच संपले नाहीत.

मंगळवारची रात्र रास अल जिन्झला.
कासवीण अंडी घालायला वर येते,
उजेड दिसला तर तशीच माघारी फिरते म्हणे.
म्हणजे शेगडी नाही, टॉर्च नाही.
दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी, दही.
दही पहिल्याच दिवशी, कारण बर्फ वीस तासांचा सोबती.
अंधारात हाताला तोंड सापडतं,
त्याला कुणी दिवा दाखवावा लागत नाही.

बुधवारी वुस्ताचा माळ.
तिथला वारा मला ठाऊक नाही, पण बिदियाचा ठाऊक आहे:
ऑफिसच्या सहलीत पिठलं केलं होतं,
सगळ्यांनी दाताखाली वाळवंट चावत
छान झालंय, छान झालंय म्हटलं.
म्हणून पिठलं खोडलं. गूळपोहे, दाण्याचं कूट.
तिथे ओरिक्स आहेत, पांढरे, काठीसारख्या शिंगांचे.
इथून शेवटचा संपला होता म्हणतात,
मग बाहेर वाढवलेले आणून पुन्हा सोडले.
परत आलेल्यांना पहिल्या दिवशी
इथलं गवत गोड लागलं का, ते काही कुठे लिहिलेलं नाही.

गुरुवारी समहानचा डोंगर. बिबट्या असतो, दिसत नाही.
थंडी मात्र दिसेल, तेव्हा खिचडी:
तांदूळ पाकिस्तानचा, लोणी डेन्मार्कचं,
मूग कुठल्या बंदरातून आले देव जाणे,
आणि गोडा मसाला वन्संनी मिरजेहून पाठवलेला, शेवटचे दोन चमचे.
आता मिरजेत मसाला रोजचाच होईल.
मग पुडी हुंगून ठेवायची वेळ कशावर येईल,
त्याचा विचार फोडणीच्या वेळी करीन.

यादी बघून सालिमभाई हसले.
पाणी घ्या, कॉफी घ्या, म्हणाले,
बाकी वाटेत कुणीतरी हाक मारेलच.
मी मान डोलावली आणि कुळथाचं पीठ घेतलं.

राहिला चौथा रकाना.
चाक रुतलं, फोन लागेना, रस्त्यावर चिटपाखरू नाही,
असं धरून चालायचं.
चिवडा लिहिला. शेंगदाणे.
बुधवारचं कूट खोडून तिकडे नेलं.
भाजणी तिकडे. ताहिनी तिकडे.
खजूर, तिन्ही किलो.
पाण्याचे वीस लिटर खोडून चाळीस केले.
मंगळवार, बुधवार, गुरुवार बारीक झाले
आणि तो रकाना बिलाच्या खालच्या कडेपर्यंत उतरला,
जिथे थकबाकी शून्य असं छापलेलं दिसत होतं
कागदाच्या पलीकडून, उलटं.

जयवंत चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
अगं, तीन दिवसांची सहल,
आणि फसायचं किती दिवस?

मी डब्याचं झाकण दाबत राहिले.
त्याची एक कड नेहमी वर राहते,
तळहाताने ठोकावी लागते.