सातवी टोपली

कुहमोच्या रानात खांबांवर अठरा टोपल्या आहेत.
चकती आत पडली की साखळ्या खळखळतात,
सातवीचा आवाज मात्र जरा जाड, तेलकट.
तिला सायकलची चेन लावलीय.

इल्पोनं लावली, ऑक्टोबरात,
हातमोजे काढून;
हातमोज्यांत कडी सापडत नाही म्हणे.
मी बर्चला टेकून उभी.
कोणी मोडली, विचारलं नाही त्यानं.
"पक्कड धर," एवढंच.

मीच बसले होते तिच्यात,
वाढदिवसाच्या रात्री, फोटोसाठी, पाय हलवत.
कड्या तुटल्या तेव्हा हसलोसुद्धा आम्ही.

दुसऱ्या दिवशी रैयाची चकती
वाऱ्याला वळसा घालून नेमकी आली,
आणि साखळ्यांमधल्या भगदाडातून आरपार,
तळ्यात.
सत्तरीची बाई, गुडघाभर पाण्यात,
चाचपत राहिली काळोख होईतो.

जूनमध्ये मला सापडली ती, लव्हाळ्यात.
मागे मार्करनं लिहिलेलं नाव, नंबर.
नंबर तिच्या नवऱ्याचा.
तो आता कोणी उचलत नाही.
मी लावला नाही.
सायकल काढली, चकती धुतली होती,
तरी पुन्हा शर्टाला पुसली दारात.

रैयानं ती उलटी करून पाहिली, बराच वेळ.
मग कॉफी ओतली.
मी सांगायला तोंड उघडलं
तर म्हणाली, साखर?

काल पाहुण्यांचा एक मुलगा विचारत होता,
या टोपलीचा आवाज असा का.
चकती उगारलेलीच होती त्यानं.
मी म्हटलं, थांब.
पुढचे अजून तिथेच आहेत,
त्यांना निघू दे.