मनगट उलटं करून

फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागली की
मी साखळी सोडतो, स्कूटरवाल्यांना हात करतो
आणि मध्येच, कुणाचं लक्ष नसताना,
मनगट उलटं करून घड्याळ बघतो.

ही युक्ती रुजारबाबची.
बत्तीस वर्षं तारवावर काढून तो आता
रायबंदरला सेल बदलून देतो, पट्टे विकतो.
म्हणाला, हिशेब कशाला करत बसतोस?
दुपारचे तीन झालेत ना? फिरव.
मोठा काटा सहावर, छोटा नऊवर.
साडेनऊ. बायको तुझी झोपलेली असणार.
छोटा काटा अर्धं घर चुकतो,
तेवढं पोटात घाल.

आमच्या घरी माणसं आकड्यांनी ओळखतात.
कुवेतचा मेव्हणा अडीच.
सुलक्षा साडेपाच.
बाबांना अडीचकी पाठ होती, औटकीसुद्धा;
साडेपाचकी त्यांच्या मास्तरांनी शिकवली नव्हती,
कधी लागली नसावी.
दर्पण बोटांवर पाच मागे जातो
आणि तिथेच अडतो.
अर्ध्याला बोट नाही, पप्पा.

स्विंडनच्या गोदामात तिची रात्रपाळी,
सहाला सुटते. म्हणजे आमचे साडेअकरा.
साडेअकराची फेरी मी शांबाला देतो
आणि तिकिटाच्या खिडकीमागे जाऊन फोन लावतो.
गॅस आला का. दर्पणचा खोकला.
तिच्या आईची कवळी.
नवे हातमोजे, घट्ट होतात म्हणते.
सात-आठ मिनिटं. मग तिची बस येते.

मार्चचा शेवटचा रविवार.
फोन साडेदहालाच वाजला,
नदीच्या मध्यावर, इंजिनाच्या धडधडीत,
मला कळलंच नाही.
साडेअकराला मी लावला, बंद.
बाराला बंद. दीडला बंद.
किती वेळा मनगट फिरवलं असेल;
उलटं घड्याळ आपलं छातीठोकपणे
स्विंडनची वेळ सांगतच होतं.

रात्री ती म्हणाली, इथे काल त्यांनी
एक तास काढून टाकला.
बारा एकोणसाठनंतर सरळ दोन.
तुला लावून लावून बॅटरी संपली, मग झोपले.
आवाजात राग नव्हता. झोप होती.

रुजारबाबला विचारायला गेलो, तर
डोळ्याचं भिंग न काढता म्हणाला,
हां, उन्हाळ्यात चालत नाही ती युक्ती. सांगायला विसरलो.
तारवावर रात्री झोपेत तास द्यायचे आम्हाला,
पश्चिमेला जाताना. एकेक करून.
परतीला तसेच काढून घ्यायचे.
माझे सगळे फिटले, म्हणाला.
मग चिमट्यातला स्क्रू जागेवर बसवून :
बहुतेक.

दर्पणने कॅलेंडरवर लिहिलं, आई साडेचार.
शाळेत कुणाला तरी सांगून आला,
आई एक तास जवळ आली म्हणून.
मी काही बोललो नाही.

ऑक्टोबर संपताना त्यांनी तो तास परत दिला.
ती तेव्हा पाळीवरच. एक ते दोन
दोनदा झाले.
तोच सरकता पट्टा, तेच खोके,
भिंतीवर पुन्हा तोच एक.
तिने विचारलं, याचे पैसे?
साहेब हसला :
मार्चमध्ये एक तास कमी भरलास की.

त्या दोन तासांत इकडे
साडेपाचचे साडेसात झाले.
पहिली बोट. सायकलीसकट पाववाला.
पणजीला जाणाऱ्या दोन नर्सबाई, एक जांभई देणारी.
पाण्यावर धुकं, म्हणून भोंगा जरा जास्त.
आणि एक म्हातारा, बोकड घेऊन आला,
पलीकडे उतरलाच नाही,
बोकड घेऊन तसाच परत गेला.
सहा फेऱ्या. एकही दोनदा नाही.

हे सगळं मी तिला सांगत बसलो,
सात-आठ मिनिटं कधीच उलटली होती,
बस गेली असावी.
ती म्हणाली, पुन्हा सांग ना,
ते बोकडाचं.