जादा बाब

दरसूची चारशे पानांची.
तिच्यात मुरमाला दर आहे, खडीला आहे,
झाड तोडायला आहे, बुंध्याच्या घेरानुसार,
खड्ड्यातलं पाणी उपसायलासुद्धा.
मातीच्या भिंतीला नाही.

झरीगुड्याची अंगणवाडी टिनाची.
मे महिन्यात मदतनीस भीमबाई
पोरांना ओल्या पोत्यांवर निजवते
आणि पोरं पोत्यांची टोकं चोखतात.
मी प्रस्ताव लिहिला: दाबलेल्या मातीची वीट,
जोडायला चुना, सिमेंट नावापुरतं.
फाइल परत आली. शेरा: आधार काय?

आधार म्हणून जंगू सोयामला ओट्यावर बसवलं,
वही उघडली.
एका दिवसात किती विटा, जंगूभाऊ?
"उन्हावर हाय."
सरासरी सांगा.
"पौषात येगळी, चैतात येगळी.
अन् माती कोणत्या बांधाची?"
रकान्यात मावेना त्याचं उत्तर.
मी एकशे ऐंशी लिहिलं. त्यानं मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत वीट दाबली.
फुटायची तिथे फुटली नाही.
यंत्रावरचा पोरगा म्हणाला, काटा अडकला असंल,
पुन्हा लावू.
ठेकेदार गुंडावार हसले, "मॅडम, मातीत मार्जिन काय?"
इतक्या दिवसांत कोणीतरी खरं बोललं.

ग्रामसभेत मात्र जंगूच उठला,
ज्याच्या हातची वीट, तोच.
"माह्या पोरीले पाहाले आले,
त त्याइनं पयले छत पाह्यलं.
कवेलू पाहून चहा अर्धा ठेवला.
आता सरकारबी आमाले मातीच देते का?"

मी गप्प.
पलीकडे सिमेंट कारखान्याचं धुराडं,
त्याच्या भट्टीवर माझा नवरा, 'ब' पाळीत.
आमच्या फ्लॅटचा हप्ता त्याच धुरातून जातो.
कोणत्या तोंडानं कार्बन सांगायचा?

नाही सांगितला.
म्हटलं, आधी साहेबांची खोली बांधू मातीची.
तालुक्याला, ऑफिसच्या मागे, दुरुस्तीच्या निधीतून,
वरची सही लागणार नाही इतकी लहान.

एप्रिल सरता सरता साहेब तिथून उठेनात.
डबा तिथेच, सह्या तिथेच, डुलकीही.
कूलर बंद आहे
हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.
जंगू दारातून पाहत राहिला:
साहेब मातीत बसला.

आता दरसूचीच्या शेवटच्या पानामागे
टाचणीनं लावलेला एक कागद आहे.
जादा बाब क्रमांक एक.
शेऱ्याच्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलंय
'उन्हावर अवलंबून',
अजून कोणी खोडलेलं नाही.

झरीगुड्यात पायाची चुन्याची रेघ पडली.
जंगूनं मात्र दिवाळीआधी स्वतःच्या घरावर स्लॅब टाकला.
बोलावणं आलं, गेले.
ऑक्टोबरचं ऊन, छत तापलेलं,
खोलीत बसवत नव्हतं.
पोरीनं चहा आणला.
मी पूर्ण प्यायले.