वाळवण

एक वाटा नदीची चिकणमाती,
एक वाटा धारेच्या दगडाचा गाळ,
एक वाटा पाइनच्या कोळशाची पूड.
पाणी किती, विचारलं की सासरे म्हणायचे,
"मागेल तेवढं."
वही नाही, वजनकाटा नाही,
एक कळकट वाडगा आणि बांबूची चपटी काडी.

धारेकडे पातळ, कांद्याच्या सालीएवढी.
पाठीकडे जाड, थापून थापून.
पातळ असेल तिथे पाण्याचा गारवा लगेच पोचतो,
पोलाद कडक होतं.
जाड असेल तिथे उशिरा, म्हणून पाठ नरम राहते.
घाव सोसायला घरात कुणीतरी नरम लागतंच.
(हे ते म्हणाले नव्हते. हे माझं.)

मार्चमध्ये ते गेले.
नवरा टपालखात्यात, त्याने आगीशी कधी सोयरीक केली नाही.
भट्टी माझ्याकडे आली,
जशी मोनोबेच्या काठची शेतं पूर ओसरल्यावर
ज्याच्या त्याच्याकडे येतात,
थोडी सरकलेली.

पहिली तीन पाती.
माती तीच, वाटे तेच, काडीसुद्धा तीच.
भट्टीत ठेवली आणि चट्, चट्,
जुन्या भिंतीसारखे पोपडे सुटले,
उघड्या पोलादावर काळी खपली चढली.
दोन पाती डागाळली.
तिसरं पाण्यात गेलं आणि म्हणालं, टिण्.
तो आवाज मोठा नसतो.
पण त्यानंतर हातातला चिमटा
बराच वेळ खाली ठेवता येत नाही.

कोचीहून पुतण्या आला, शुन्साकु,
काखेत हिरवट लेपाचा डबा.
"काकू, हे लाव. खपली धरत नाही,
पोलादातला कार्बन जळत नाही, घोळच नाही."
चष्मा पुसून त्याने डब्यावरचं मोठ्याने वाचलं:
लेप सावकाश, पूर्ण वाळू द्यावा.
ओलसर पातं भट्टीत घालू नये.

मी भाताचा चमचा धरून उभी.

एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी,
जेवणाच्या टेबलावर ती चिखल माखलेली पाती,
आणि माझी कटकट:
उचला हे, मला ताटं मांडायचीत.
ते उचलत नसत. मग मीच,
शेपटाला धरून, एकेक,
न्हाणीच्या चुलीवरच्या फळीवर नेऊन टाकायचे.
रात्रभर धग. सकाळी पाती
अंड्याच्या कवचासारखी, फिकट, कोरडी.

एकोणपन्नासावा दिवस झाला आणि आम्ही ती चूल काढली.
गॅस आणला. फळीही काढली.

त्यांना ठाऊक होतं का?
की त्यांनाही वाटायचं, सगळी करामत मातीची?
वाडग्याला विचारून पाहिलं. वाडगा कळकटच.

डबा ठेवलाय. स्टेनलेसच्या सुऱ्यांना तोच लावते,
चांगला आहे, उगाच नावं का ठेवा.
पण कोयत्यांना, भाजीच्या सुऱ्यांना माती.
आणि ती वाळते
नवऱ्याच्या छोट्या पांढऱ्या गाडीत,
पुढच्या काचेखाली,
वर्तमानपत्रावर ओळीने पाच.

दुपारी तो बाहेर येतो, किल्ली वाजवत.
"उचल हे. मला निघायचंय."

मी उचलत नाही.