अकरा फरश्या

मे महिन्यात नागपुरात चक्कर आली
तर कुणी विचारत नाही, का आली.
पारा सत्तेचाळीसवर, दुपारचे रस्ते सुतकात असल्यासारखे,
कानांना दुपट्टे, खिशात कांदा,
आणि माझ्या कॅज्युअल्टीत ओळीनं टांगलेली सलाइनं,
जणू कुणी पाणीच वाळत घातलंय.

त्या दिवशी सतरावा माणूस देवचंद सोनकुसरे,
वय शेहेचाळीस, सावजी खानावळीत आचारी,
दोन भट्ट्यांच्या मध्ये उभा राहून रस्सा ढवळणारा.
उलट्या, घाम, डोळे घट्ट मिटलेले.
मी लिहिलं : ऊन लागलं.

त्याची बायको म्हणाली,
"डॉक्टरसाहेब, हे भिंत धरून चालून राहिले होते."
मी म्हटलं, "अशक्तपणा असतो, बाई."
डोक्याचं सीटीही काढलं, नंतर कुणी बोलायला नको.
सीटी स्वच्छ.
मेंदूच्या मागच्या कोपऱ्यात नळी बुजलेली असली
तरी पहिले काही तास ते स्वच्छच असू शकतं.
हे मला ठाऊक होतं.
परीक्षेत लिहून गुण घेतले होते.

सातला सोडलं.
वॉर्डबॉयनं व्हीलचेअर रिक्षापर्यंत ढकलत नेली,
म्हणून तो कसा चालतो ते कुणालाच दिसलं नाही.
पहाटे परत आणला
तेव्हा चालण्याचा प्रश्न उरला नव्हता.

ग्राहक आयोगात भोयर वकीलबाई आवाज चढवत नाहीत.
माझाच केसपेपर माझ्यापुढे धरून :
"रुग्णाला चालवून पाहिलं?"
"तशी नोंद नाही."
"मी नोंदीचं विचारलं नाही, डॉक्टर."
वर पंखा कुरकुरत होता.
"त्रास किती वाजता सुरू झाला?"
त्या रकान्यात माझ्या अक्षरात : दुपारपासून.
नागपूरची दुपार सकाळी दहाला बसते
आणि उठायचं नाव घेत नाही.

मग वनमाला सोनकुसरेंचं शपथपत्र, पान चार.
पावणेतीनला लाइट गेली. मिक्सर बंद पडला,
म्हणून हे पाट्यावर मसाला वाटायला बसले. तेव्हा बरे होते.
तीनला लाइट आली तेव्हा पाट्यावर कलंडलेले दिसले.

साडेचारला ही बाई माझ्यासमोर उभी होती.
गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला मुदत साडेचार तास.
हिशेब मी तिथंच, साक्षीच्या पिंजऱ्यात केला :
अजून पावणेतीन तास शिल्लक होते.
मुदत सव्वासातला संपली.
मी सातला सोडलं.

औषधानं तो उठला असता का? माहीत नाही.
माझ्या वकिलानं हेच मांडलं, चांगलं मांडलं.
निकाल बत्तीस पानांचा. रक्कम विमा कंपनीनं भरली.
बत्तीस पानांत मला कुठंही दुष्ट म्हटलेलं नाही.
म्हटलं असतं तर भांडलो असतो.

सहकारी म्हणाले, "आता सगळं लिहीत जा बाप्पा,
सह्या घेत जा."
घेतो. फायली जाड झाल्यात.
पण चार नंबरच्या खाटेपासून माठापर्यंत
अकरा फरश्या आहेत, त्या कुठल्या फाइलीत मावत नाहीत.
घरी जायच्या आधी प्रत्येकाला म्हणतो,
"चला, स्वतः जाऊन पाणी पिऊन या."
आणि सोबतच्यांना वेळ विचारत नाही.
"शेवटचे बरे दिसले तेव्हा घरात काय चालू होतं?"
मग सांगतात : कुकरची तिसरी शिट्टी.
कचऱ्याची गाडी आली होती.
पोरगी ट्यूशनला निघाली होती, तिनं टाटा केला.

इंटर्न मेश्राम कंटाळते. "सर, ऊनच लागलंय."
"लागलंच असेल. चालव."
बहुतेकांना ऊनच लागलेलं असतं,
पाणी पितात, मला हसतात, जातात.

काल रात्री टेकडी रोडच्या एक बाई निघाल्या.
पाच फरश्या नीट. सहावी नीट.
सातवीवर त्यांनी हात बाजूला केला, भिंतीसाठी.

तिथं भिंत नाही.