शेरा

पार्सल तिनं स्वतःच्या पैशानं मागवलं होतं.
शस्त्रागाराच्या गजांतून आत सरकवलं
आणि म्हणाली, वस्ताद, हे बसतंय का बघा.

काळं रबर. जाडजूड, एका बाजूनं पोकळ.
उशीला अभ्रा चढवावा तसं
रायफलीच्या बटावर चढवायचं.

वैजयंता खिलारे, शिपाई, दहिवडीकडची.
रामटेकडीला येऊन दोन वर्षं झाली.
फायरिंग झालं की दुसऱ्या दिवशी
उजव्या खांद्यावर जांभळाएवढा डाग,
हे तिनं मला नाही सांगितलं.
एवढंच म्हणाली,
पोरगी डाव्या खांद्यावर झोपतच नाही.

नियम मला पाठ आहेत.
सरकारी हत्याराला बाहेरची सुतळीसुद्धा बांधायची नाही.
साहेबांकडे गेलो. ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
काढता-घालता येतं ना?
येतं.
मग मला काय विचारता.

चढवायला सोपं गेलं. साबणाचं पाणी, अंगठ्याचा जोर.
पण हा घडीचा बट. मिटायला गेलो
तर खटका बसेना.
रबर बॉडीला टेकायचं आणि बट तसाच अर्धवट बाहेर,
पंगतीत शेजाऱ्याला लागणाऱ्या कोपरासारखा.
गाडीत वीस जणांत बसायचं
तर मिटायलाच लागतो.

तेवीस वर्षं हत्यारं खोलली, जोडली.
स्प्रिंगा, पिना, खटके,
लोखंड मी इथं येऊन शिकलो.
रबर आधीपासून कळत होतं.

खालच्या खणात, फडक्यात गुंडाळून
अण्णांची रापी आहे.
हडपसरला गाडीतळाजवळ, पिंपरणीखाली,
एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे अंगठे सांभाळले.
मी पोलिसात लागलो तेव्हा म्हणाले,
आता कुणाच्या पायाकडं बघू नको.
अजून बघतो. आधी चप्पल, मग माणूस.

रापी दगडावर दोनदा ओढली.
धारेला थुंकी लावली. पाणी चालत नाही,
का ते त्यांनी सांगितलं नव्हतं.
आतल्या कडेनं, तिरपी, पापडाएवढी चकती.
नाही बसला.
आणखी एक, कांद्याच्या सालीएवढी.
नाही.
चप्पल लागली म्हणून पाय कापत नाहीत,
असं ते गिऱ्हाइकाला म्हणायचे
आणि हसायचे नाहीत.
तिसऱ्यांदा श्वास धरून.
खट्.

दुपारी ती आली. रिकामी रायफल खांद्याला लावली,
गाल टेकला, परत उचलला.
लांब झाली हो बोटभर.
होणारच, म्हटलं. हात तरी कुठं मोजलेत तुझे
ही बनवणाऱ्यांनी.
मान जराशी मागं घेतली तिनं, खांदा पुढं,
आणि तशीच थांबली.
मग बट मिटला, उघडला, मिटला,
दोन-चार वेळा, नुसताच.

संध्याकाळी रजिस्टर काढलं.
शस्त्र क्रमांक. नाव. तारीख.
केलेलं काम: रबर, एक नग, काढता येण्याजोगं.
शेऱ्याच्या रकान्यात पेन अडलं.
बाहेर सोलापूर रस्ता तुंबलेला,
आत टेबलावर काळे तुकडे, आणि वास,
टायरचा, मेण लावलेल्या दोऱ्याचा.

लिहिलं: बसलं.

मग तुकडे मुठीत गोळा केले
आणि टाकायचे कुठं ते ठरेना.